नेस्टा प्रॉबर्टची नेमणूक

कौन्सिलनं हेविन ट्रेहार्नला वेल्फेअर हॉलच्या मंडळावर नेमलं, हे नेस्टा प्रॉबर्टला खाटकाच्या दुकानात रांगेत उभी असताना कळलं. सांगितलं डिलिसनं. डिलिस तिची शाळेपासूनची मैत्रीण, आणि कुमहेलिग गावातली कुठलीही वाईट बातमी आधी तिच्याच तोंडून बाहेर पडायची.

"कोण हेविन?" नेस्टानं विचारलं. खरं तर सबंध खोऱ्यात हेविन ट्रेहार्न एकच होता.

"पँटवर्नचा गं. नगरसेवक. सारखा केसांवरून हात फिरवतो तो."

"आपल्या हॉलवर?"

"आपल्याच."

काउंटरमागून खाटक विचारत होता, कलेजीचे गोळे नेहमीइतकेच द्यायचे का. नेस्टानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती रांग सोडून बाहेर पडली आणि चढावरून घराकडे अशी निघाली, की समोरून येणारा पाववाला फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला कारण होतं. हॉल बांधला होता खाणीतल्या माणसांनी, आपल्या आठवड्याच्या पगारातून थोडं थोडं कापून देऊन. नेस्टाच्या आजोबांचे त्यात पैसे होते, नवऱ्याच्या आजोबांचेही. खाण बंद पडली तेव्हा हॉल कौन्सिलच्या ताब्यात गेला. कौन्सिलनं तो सांभाळला कसा, तर छत गळायला लागलं की खाली बादली ठेवायची आणि बादली वाहायला लागली की त्या खोलीला कुलूप घालायचं. असं करत करत नाचाची खोली गेली, वाचनालय गेलं, वरचा मजला गेला. शेवटी सभेत ठरावच आला, की हॉल बंद करून जागा विकून टाकावी. त्या दिवशी नेस्टा प्रेक्षकांच्या बाकावर बसली होती. ठरावाच्या बाजूनं पहिला हात वर गेला तो हेविनचा. "आजकाल लोक घरी बसूनच करमणूक करून घेतात," असं त्यानं भाषणात सांगितलं होतं, आणि त्यावर त्याच्या गटातले लोक माना हलवत होते.

गावानं हॉल विकू दिला नाही. विश्वस्त मंडळ काढलं, कौन्सिलकडून हॉल भाडेकरारानं घेतला आणि स्वतः चालवायला लागलं. पहिल्या हिवाळ्यात बॉयलर फुटला तेव्हा गायनमंडळ अंगात कोट घालून, तोंडातून वाफा सोडत तालीम करत होतं. नेस्टा नुकतीच शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती. तिनं हॉलचं स्वयंपाकघर घासून काढलं आणि दर मंगळवारी दुपारी गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना जेवण घालायला सुरुवात केली. मटण आणि कांद्याच्या पातीसारख्या लीकचं कालवण, पाव, चीज, नंतर काहीतरी गोड. ट्रेव्हर नावाचे एक विधुर होते, ते मंगळवारी टाय बांधून यायचे. बाकीचे दिवस ते कुणाशी बोलायचे की नाही, देव जाणे. मंगळवारी मात्र त्यांचं तोंड जेवणापेक्षा बोलण्यातच जास्त चालायचं.

हे सगळं चालू असताना भाडेकरार संपत आला. नवीन छतासाठी अनुदान मिळणार होतं, पण लांब मुदतीचा करार असेल तरच. कौन्सिल म्हणालं, करार देऊ, फक्त मंडळावर आमचे दोन नगरसेवक घ्या. मंडळानं हो म्हटलं. नेस्टानंही हात वर केला, कारण छत नसलं तर हॉलच नाही. तिला वाटलं होतं, एक आपल्या वॉर्डातला इड्वल येईल, जो सभेत झोपतो पण निदान मंगळवारी जेवायला तरी येतो; आणि दुसरा असाच कुणीतरी निरुपद्रवी. हेविन ट्रेहार्न येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

हेविन पहिल्या बैठकीला उशिरा आला, टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढून बसला आणि फोन समोर ठेवून म्हणाला, "चला, आज आपल्याला बरंच उरकायचंय."

"आपल्याला म्हणजे कुणाला?" नेस्टानं विचारलं.

"मंडळाला, मिसेस प्रॉबर्ट."

"मिसेस प्रॉबर्ट कशाला म्हणतोस? शाळेत मी वाढलंय तुला. कस्टर्ड दोनदा मागायचास."

लोक हसले. हेविनचे कान लाल झाले, पण तो सराईत होता. त्यानं हसू संपू दिलं आणि विषय काढला. स्वयंपाकघर बहुतेक दिवस रिकामं पडून असतं. एक कॅफेवाली कंपनी ते चालवायला तयार आहे. त्यांची अट एवढीच, की सबंध आठवडा त्यांना हवा.

"आणि मंगळवारचं जेवण?"

"त्याचा आढावा घेऊ. तोवर स्थगित ठेवू."

"तोवर म्हातारे खातील काय, तुझा आढावा?"

"हे बघा, भावनेवर इमारती चालत नाहीत."

"मग कशावर चालतात?" नेस्टा उठून उभी राहिली. "तू ही विकायला काढली होतीस ना? तेव्हापासून आजपर्यंत ही कशावर चालली, सांग की. तुझ्या गटानं येऊन झाडू मारला होता काय इथं? बॉयलर फुटला तेव्हा कुठं होतास? आणि आज येऊन वरच्या खुर्चीत बसतोस, आणि म्हणतोस आपल्याला उरकायचंय."

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर होते, फार सज्जन आणि भांडणाला फार घाबरणारे. त्यांनी घाईघाईनं मतदान घेतलं. कौन्सिलची दुसरी जागा मिळालेल्या इड्वलला कोपरानं ढोसून जागं केलं गेलं, त्यानं हेविनकडे बघून हात वर केला. कौन्सिलला दुखावलं तर छत जाईल, या धास्तीनं आणखी काहींनी केला. मंगळवारचं जेवण स्थगित झालं.

नेस्टा घरी आली आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला लागली. तिचा नवरा एल्विन चुलीजवळच्या खुर्चीत बसून होता. खाणीच्या धुळीनं त्याची छाती गेलेली, त्यामुळे तो एका श्वासात मावेल तेवढंच बोलायचा.

"किती घासशील?"

"त्याला निवडून कुणी दिलंय? आपण? पँटवर्नच्या लोकांनी. त्यांनी दिलेल्या मतावर हा आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास काढतो. आणि त्याला पाडायचं म्हटलं तर आपलं तिकडे मत नाही."

एल्विननं दोन श्वास घेतले. "मग तू उभी राहा."

"कुठं?"

"कौन्सिलला."

ती त्याच्यावरही चिडली. पण वसंतात इड्वल राजीनामा देऊन लेकीकडे स्पेनला निघून गेला आणि वॉर्डात पोटनिवडणूक लागली, तेव्हा नेस्टानं कुणालाही न विचारता अर्ज भरला. अपक्ष म्हणून. भाषण तिला करता यायचं नाही. ती दार ठोठावायची आणि म्हणायची, "मला मंगळवार परत हवाय. तुला हवा असेल तर मत दे." डिलिस तिच्याबरोबर हिंडायची आणि उंबऱ्यावरच घरोघरच्या भानगडी काढत बसायची, त्यामुळे एक गल्ली संपायला अख्खी दुपार लागायची. पण लोकांनी मतं दिली. अशी दिली, की सत्ताधारी गटाच्या उमेदवाराला अनामत वाचल्याचंच समाधान मानावं लागलं.

नेस्टाचा हिशेब साधा होता. इड्वलच्या वॉर्डातून ती निवडून आली, म्हणजे हॉलच्या मंडळावर इड्वलची जागा तिला मिळणार. गावकऱ्यांच्या वतीनं ती तिथं होतीच, ती जागा डिलिसला देता येईल. मग ठराव फिरवायला कितीसा वेळ लागतोय.

कौन्सिलची वार्षिक सभा मे महिन्यात भरली. बाहेरच्या संस्थांवर कुठला नगरसेवक नेमायचा, हे त्याच सभेत ठरतं. गळ्यात साखळी घातलेला महापौर नावं अशा वेगानं वाचत होता, की बाजारात मेंढरं लिलावाला लावलीत असं वाटावं. वेल्फेअर हॉल, कुमहेलिग: नगरसेवक ट्रेहार्न. आणि दुसरं नाव एका बाईचं, जी खोऱ्याच्या पार तोंडाशी राहायची आणि कुमहेलिगला कधी आलेलीच नव्हती.

नेस्टा उभी राहिली. "तो हॉल माझ्या वॉर्डात आहे."

हेविनच्या सत्ताधारी गटाचा गटनेता उत्तर द्यायला उठला. उंच, मऊ आवाजाचा माणूस. दुसऱ्याला मूर्ख ठरवताना त्याचा आवाज आणखी मऊ व्हायचा. "नगरसेविका प्रॉबर्ट नवीन आहेत, म्हणून सांगतो. त्या हॉलमध्ये त्यांचे हितसंबंध आहेत. त्यामुळे त्यांना तिथं नेमणं योग्य दिसणार नाही."

"मी तिथं कालवण ढवळते. हितसंबंध कसले?"

"आणखी एक गोष्ट." त्याच्या आवाजात आता लोणी होतं. "मंडळाच्या नियमाप्रमाणे तिथं कौन्सिलची माणसं दोनच असू शकतात. त्या आता कौन्सिलच्या झाल्या. दोन्ही जागा भरल्या आहेत. तेव्हा गावकऱ्यांच्या वतीनं असलेली त्यांची जागाही त्यांना सोडावी लागेल."

नेस्टाला हे समजायला एक क्षण लागला. हॉल परत मिळवायला ती निवडून आली होती, आणि निवडून आली म्हणूनच तिला हॉलमधून काढत होते. तिनं मागच्या रांगेत बसलेल्या हेविनकडे बघितलं. तो केसांवरून हात फिरवत होता.

महापौर पुढं वाचत होता. "सामाजिक केंद्र, पँटवर्न: नगरसेविका प्रॉबर्ट."

सभागृहात हशा पिकला. पँटवर्न म्हणजे हेविनचं गाव, डोंगराच्या पलीकडलं. नेस्टा तिथं आयुष्यात दोन-चारदा गेली असेल, तीही अंत्यविधींना.

"हसा," ती म्हणाली. "दात पडले की जेवायला कुठं जाल तेवढं बघून ठेवा." महापौरानं तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही, सभा संपेपर्यंत उभीच राहिली. तिला बसवायला येण्याचा धीर कुणाला झाला नाही.

त्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघराची चावी डिलिसकडे दिली. डिलिसनं चावी हातात दोनदा उलटसुलट केली. "तुझ्याकडेच ठेव ना एक, कुणाला कळणार आहे," ती कशीबशी म्हणाली.

"नको. हेविनला तेवढंच निमित्त हवंय."

नेस्टा रडली नाही. घरी जाऊन तिनं बागेतलं हिरवं कुंपण असं छाटलं, की त्यात नुसत्या काटक्या उरल्या.

पँटवर्नच्या बैठकीच्या आदल्या दिवशी गटनेत्याचा फोन आला. मऊ आवाजात तो म्हणाला, की उद्या तिथं एक ठराव आहे. लहान मुलांचा वर्ग भरतो ती मोठी खोली एका ऑफिसला भाड्यानं द्यायची आहे. मंडळात निम्मे बाजूनं आहेत, निम्मे विरुद्ध. "तुमचं मत आम्ही धरलंय. नव्या सदस्यांनी सुरुवातीला सहकार्य केलं, की पुढं नेमणुकांचा विचार करताना ते ध्यानात राहतं."

नेस्टानं फोन ठेवला. आपटलाच, एवढ्या जोरात की एल्विन उठून जवळ आला.

पँटवर्नचं केंद्र म्हणजे बंद पडलेली प्राथमिक शाळा. दारात एक बाई हाताची घडी घालून उभी होती, नेस्टाच्याच वयाची, अंगानं दणकट, एप्रनला पिठाचे हात पुसलेले. तिचं नाव रॉनवेन बेडो.

"तुम्ही कौन्सिलच्या?"

"हो."

"वेळेवर आलात. मागचा तर पहिल्या बैठकीला आलाच नव्हता." ती दारातून हलली नाही. "एक सांगते, मग आत या. तुम्हाला आमच्यातल्या कुणी मत दिलेलं नाही. तुमचं घर डोंगराच्या पलीकडे. आमची पोरं उद्या कुठं खेळतील याच्याशी तुम्हाला काय घेणंदेणं? येता, हात वर करता, जाता. आम्ही तुम्हाला पाडूसुद्धा शकत नाही."

नेस्टा ऐकत राहिली. एल्विनपुढं भांडी घासताना ती जे बोलली होती, तेच ही बाई बोलत होती, आणि या वेळी समोर हेविनच्या जागी नेस्टा उभी होती. तिच्या गालावर चपराक बसावी तसं झालं. आणि मग एकदम एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरली.

"हेविन ट्रेहार्न तुमच्या मंडळावर का नाही?" तिनं विचारलं. "तो तर इथलाच."

"इथं त्याला मतं मागायला यावं लागतं ना. त्यानं ही खोली काढून घेतली असती तर मीच त्याचा कान धरला असता."

"म्हणून त्याला आमच्याकडे धाडला. आणि मला तुमच्याकडे."

रॉनवेननं हाताची घडी सोडली. "काय काढून घेतलं त्यानं तुमचं?"

"मंगळवारचं जेवण. म्हाताऱ्यांचं."

रॉनवेननं हेविनला जी शिवी दिली ती इथं लिहिण्यासारखी नाही.

बैठकीत ठराव आला तेव्हा निम्मे हात वर गेले. सगळे नेस्टाकडे बघायला लागले. तिनं दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर ठेवले. "माझं मत कुणीतरी दुसऱ्यानं आधीच धरून ठेवलंय असं मला फोनवर कळलं," ती म्हणाली. "ते मी सोडवून घ्यायला आलेय. पोरांची खोली पोरांची राहील." ठराव पडला. तिचे आभार कुणी मानले नाहीत. रॉनवेन फक्त म्हणाली, "शनिवारी रिकाम्या आहात का?"

शनिवारी सकाळी हेविन पँटवर्नच्या केंद्रात एका खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा. त्या शनिवारी नेस्टानं रॉनवेनच्या स्वयंपाकघरात दोन मोठी पातेली कालवण चढवलं. डिलिसनं चर्चची बस मागून आणली आणि कुमहेलिगच्या मंगळवारच्या सगळ्या म्हाताऱ्यांना डोंगर ओलांडून पँटवर्नला आणलं. ट्रेव्हर टाय बांधून आले. हेविन ज्या खोलीत बसला होता तिच्या दारासमोरच रॉनवेननं टेबलं मांडली. आत जायचं तर जेवणाऱ्यांच्या मधूनच जावं लागे.

पँटवर्नचे लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन येत होते, आणि विचारत होते, हे कोण, इथं का जेवतायत. म्हातारे सांगत होते. ट्रेव्हर तर प्रत्येकाला अगदी बॉयलर फुटल्यापासून सांगत होते. थोड्या वेळानं लोक आपली गाऱ्हाणी बाजूला ठेवून आत जाऊन हेविनला हेच विचारायला लागले. एक बाई आत गेली आणि दार उघडंच ठेवून म्हणाली, "हेविन, माझ्या आईला तू असंच उपाशी ठेवशील का रे?"

हेविन बाहेर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "हे राजकारण आहे, नेस्टा."

आता मिसेस प्रॉबर्ट नव्हती ती. "मग काय असणार," नेस्टा म्हणाली. तिनं एक वाडगा भरून त्याच्यासमोर धरला. "खा. शाळेत खायचास तसा. आणि खाताना यांच्याकडे बघ."

त्यानं वाडगा घेतला नाही. मागच्या दारानं तो निघून गेला, आणि त्याच्यामागून रॉनवेननं मुद्दाम मोठ्यानं लोकांना सांगितलं, की साहेबांना भूक नाही.

पुढच्या महिन्यात हेविननं कामाचा व्याप वाढल्याचं कारण देऊन वेल्फेअर हॉलचं मंडळ सोडलं. त्या लांबच्या बाईनं तर तोंडच दाखवलं नव्हतं. पोस्टमास्तरांना अखेर धीर आला आणि मंगळवारचं जेवण पुन्हा सुरू झालं. कॅफेवाली कंपनी दुसऱ्या कुठल्यातरी गावात गेली.

पण कौन्सिलनं हेविनची जागा नेस्टाला दिली नाही. ती रिकामी ठेवली. पुढच्या मे महिन्यात नेस्टानं ठराव मांडला, की कुठला नगरसेवक हवा हे त्या त्या केंद्रानंच सांगावं. कुमहेलिग आणि पँटवर्नचे लोक प्रेक्षकांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले होते, रॉनवेन पहिल्या रांगेत. ठराव पडला. गटनेत्यानं अत्यंत मऊ आवाजात तिचं कौतुक केलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं तोच ठराव पुन्हा मांडला, त्या वेळी बाजूनं जरा जास्त हात वर झाले, आणि तो पुन्हा पडला. हेविननं दोन्ही वेळा विरोधात मत दिलं, पण दुसऱ्या वेळी त्यानं हात खांद्याच्या वर नेला नाही.

नेस्टा मंगळवारी आपल्याच हॉलमध्ये पाहुणी म्हणून जाऊन बसते. कालवण आता डिलिस करते, आणि त्यात मीठ कमी असतं. नेस्टा ते बोलून दाखवते. मग बस पकडून डोंगरापलीकडे जाते, कारण पँटवर्नच्या मुलांच्या खोलीचं तावदान फुटलंय आणि कौन्सिलचा माणूस अजून आलेला नाही.

"अजून चिडलेली आहेस?" एल्विननं एकदा विचारलं.

"त्यांनी नियम बदललाय का?"

"नाही."

"मग?" असं म्हणून तिनं कोट चढवता चढवता तावदानाची आठवण करायला कौन्सिलच्या ऑफिसला फोन लावला.